लढाईतली ओटी

आमच्या दिवाणखान्याच्या भिंतीवर सगळे पुरुषच टांगलेले आहेत. फेटेवाले, मिशीवाले, तलवारीच्या मुठीवर पंजा ठेवलेले, आणि अलीकडचे दोघे-तिघे लष्करी टोपीतले. यातल्या कोणी गलबतं चालवली, कोणी घोडी दामटली, कोणी कुठल्या खिंडीत गोळी खाल्ली, हे आबासाहेब आल्या-गेल्या पाहुण्याला न दमता सांगतात. आबासाहेब म्हणजे माझे सासरे, निवृत्त कर्नल. बाईचं चित्र एकच आहे, तेही जिन्याखाली, आणि त्यात बाईपेक्षा नथ मोठी दिसते. लग्न होऊन आले तेव्हा मी विचारलं, "या कोण?" आबासाहेब म्हणाले, "असतील कोणीतरी. पणजीबाई वगैरे." त्या 'वगैरे'वर मी तेव्हापासून डूख धरून आहे.

मी ठाण्याची. वडील बँकेत, आई शाळेत, घरात शस्त्र म्हणाल तर विळी. नवरा फौजेत मेजर, आणि त्याचं घराणं अलिबागजवळचं जुनं सरदार घराणं, हे कळल्यावर आमच्या सोसायटीतल्या बायकांनी मला राणीसाहेब म्हणून चिडवून घेतलं. प्रत्यक्षात इथे नारळ-सुपारीची वाडी, छपरावर सोलरच्या पाट्या आणि 'होमस्टे आहे का?' म्हणून फाटकातून डोकावणारे मुंबईकर. सरदारकी केव्हाच गेली. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, एवढाच काय तो पीळ शिल्लक. त्या पिळातलाच एक रिवाज म्हणजे लढाईतली ओटी.

सीमेवर लढाई सुरू झाली की आमच्या घरातल्या बायका ओटीचं ताट घेऊन बाहेर पडतात. अलिबागपासून माणगावच्या आतल्या बाजूपर्यंत काही गावं अशी आहेत, की ज्यांनी कोणे एके काळी या घराण्याच्या फौजेला माणसं दिली. त्या गावांतली पोरं अजूनही भरती होतात. अशा प्रत्येक घरी जायचं, जवानाच्या बायकोला हळदीकुंकू लावायचं, तांदूळ, नारळ, खण, हळकुंड, सुपारीने तिची ओटी भरायची आणि चहा घेऊन उठायचं. बघणाऱ्याला वाटतं, चाललंय बायकांचं काहीतरी. मलाही सुरुवातीला तसंच वाटलं होतं. पण ओटी सवाष्णीची भरतात. सरदारांच्या घरून बाई ओटी भरायला आली, याचा अर्थ त्या गावांत पिढ्यान्‌पिढ्या एकच घेतला जातो: तुझा माणूस खुशाल आहे, आम्हाला वेगळं काही कळलेलं नाही. बाईला ते सांगावं लागत नाही. रस्त्याच्या वळणावर ताट दिसलं की घरातल्या म्हातारीचा जीव भांड्यात पडतो.

पुरुषांनी मात्र लढाई चालू असेतो कोणाच्याही दारात जायचं नाही, हा दुसरा नियम. कारण आमच्या घरचा पुरुष पांढरा फेटा बांधून आला, तर त्याचाही अर्थ एकच. हा नियम माझ्या आजेसासूबाईंनी घातला, आणि त्याला कारण घडलं होतं. मागच्या एका लढाईत आबासाहेबांचे वडील सहज म्हणून एका जवानाच्या घरी विचारपूस करायला निघाले. मन मोठं, डोकं तितकंसं नाही. फेटा रोजचाच, पण उन्हात पिवळा कोणता आणि पांढरा कोणता हे बांधावरून काय दिसणार? त्या घरच्या सुनेने त्यांना लांबून पाहिलं आणि उंबऱ्यावर हात आपटून बांगड्या फोडल्या. नवरा तिचा धडधाकट होता. रजेवर आला तेव्हा बायको लंकेची पार्वती होऊन बसलेली, त्याच्याकडे बघायला तयार नाही, जणू भूतच दारात उभं आहे. आजेसासूबाईंनी त्या दिवशी गाडीची चावी काढून घेतली आणि कमरेला खोचली. तेव्हापासून सीमेवर गोळी सुटली की इथली चावी घरच्या कर्त्या बाईच्या कमरेला जाते. सध्या ती आईसाहेबांकडे, म्हणजे माझ्या सासूबाईंकडे असते.

आणि तिसरा नियम, जो मला मुळीच पटत नसे: लढाई चालू असताना आमच्या स्वतःच्या घरातल्या बाईची ओटी कोणी भरत नाही. देणारं घर घेणार कसं? आबासाहेब सीमेवर असताना आईसाहेबांनी सगळ्या गावांच्या ओट्या भरल्या, त्यांची कोणी भरली नाही. मी म्हटलं होतं, "हा भलताच तोरा आहे." त्या म्हणाल्या, "तोराच आहे. चालवते आहे झालं."

आईसाहेबांविषयी सांगायला हवं. बुटक्या, गोऱ्या, बोलणं हळू. आबासाहेब खोलीत आले की खोली त्यांची होते, आणि ते गेले की कळतं की ठरलं ते आईसाहेबांच्या मनासारखंच. आबासाहेबांच्या पलटणीत त्यांचा एक हुकूम अजून सांगतात: डाक आली की आधी पत्रं वाटायची, जेवण नंतर. घरचं पत्र वाचलेला जवान पोटभर जेवतो आणि नीट झोपतो. आबासाहेब हा किस्सा सांगतात तेव्हा त्यांच्या मिशीला धार येते. एकदा मी आईसाहेबांना विचारलं, हे यांना सुचलं कसं. त्या भाजी निवडत होत्या. म्हणाल्या, "त्यांना कुठलं सुचतंय. मी लिहिलं होतं, माझं पत्र वाचल्याशिवाय जेवलात तर मला कळेल." पुढे त्याचा हुकूम झाला, हुकुमाचा लौकिक झाला, आणि भिंतीवर लागायला एक फोटो तयार झाला.

त्यांच्या फोनचीही अशीच गंमत. आबासाहेबांचे फोन जुन्या दोस्तांना, मोठ्याने, नकाशासमोर उभं राहून. आईसाहेबांचे फोन अधिकाऱ्यांच्या बायकांना, स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून. कोण कुठे आहे, काय चाललंय, हे त्या कधी विचारत नसत. विचारू नये आणि सांगू नये, हे दोन्ही बाजूंना ठाऊक. त्या फक्त विचारत, "जेवलीस का गं?" माझा नवरा वडिलांच्याच पलटणीत आहे. तिचा आताचा कमांडिंग ऑफिसर एकेकाळी आबासाहेबांच्या हाताखाली कोवळा लेफ्टनंट होता, आणि त्याची नवी नवरी उत्तरेकडून येऊन छावणीत रडत बसली होती. तिला भाताची पेज आणि धीर दोन्ही आईसाहेबांनी दिलं होतं. ती आता पलटणीतल्या सगळ्या बायकांची मोठी बहीण. "खा लिया, आंटी" म्हणाली, की आईसाहेब माझ्याकडे बघून मान हलवत आणि मी कामाला लागे. "अभी मन नहीं है" म्हणाली, की त्या दिवशी आईसाहेबही जेवत नसत. यात कुठलं गुपित फुटलं सांगा? पण आबासाहेबांच्या नकाशापेक्षा मला त्या स्टुलावर जास्त भरवसा होता.

तर ती लढाई सुरू झाली. किनाऱ्यावर होड्या परत बोलावल्या, मांडव्याच्या जेट्टीवर पिशव्या उघडून बघू लागले, टीव्हीवरची माणसं स्टुडिओत बसून शहरं जिंकू लागली. माझ्या नवऱ्याचा फोन बंद. आईसाहेबांनी चावी कमरेला खोचली, गाडी मी चालवायची असं ठरलं, आणि आम्ही गावं घ्यायला लागलो. मी हसत गेले होते, पण दुसऱ्या-तिसऱ्या घरापासून माझं हसू आटलं. एका घरी म्हातारीने माझे दोन्ही हात धरून नुसते कपाळाला लावले.

मग एके सकाळी आबासाहेबांच्या दोस्ताचा फोन आला. पलटणीवर तोफांचा मारा झाला होता, एकजण गेला, रायगड जिल्ह्यातला आहे म्हणतात, नाव अजून बाहेर आलेलं नाही.

रायगडचे त्या पलटणीत आमच्या माहितीत दोघेच. एक माणगावच्या आतल्या गावातला जवान, ज्याचं लग्न नुकतंच झालेलं. आणि दुसरा माझा नवरा.

मी खुर्चीचा हात धरला. आईसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर काढली. आबासाहेब उठले, आत गेले आणि बाहेर आले ते कोट चढवून, छातीवर पदकं लावून, हातात पांढरा फेटा घेऊन.

"चावी द्या," ते म्हणाले. "टीव्हीवरून कळण्याआधी त्या घरी आपला माणूस पोचला पाहिजे. आपल्या घराण्याचा तो मान आहे."

"निरोप आलाय का?" आईसाहेबांनी विचारलं.

"येईलच."

"मग येऊ दे."

"अहो, दुसरा आहे कोण? त्या पोराशिवाय जिल्ह्यातला आहे कोण तिथे?"

हे वाक्य मी मरेपर्यंत विसरणार नाही. तोफांपुढे आयुष्य काढलेला माणूस, आणि आपला मुलगाही याच जिल्ह्यातला आहे, हे त्याच्या डोक्यातही आलं नाही. ही चूक फक्त आमच्यासारख्या घरातला पुरुष करू शकतो. पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या दारात वाईट बातमी घेऊन जाणाऱ्याला ती आपल्याही दारात येऊ शकते, हे सुचतच नाही. मला इतका संताप आला की भीती मागे पडली. मी तोंड उघडणार, एवढ्यात आईसाहेब म्हणाल्या, "सूनबाई, ताट कर. आपण जाऊ."

आबासाहेब फेटा घेऊन तसेच उभे राहिले. मला वाटतं, आमच्या दोघींच्या तोंडांकडे बघून तेव्हा कुठे त्यांना कळलं. ते हळूच खाली बसले.

गाडीत मी तोंड सोडलं. म्हटलं, "हा खोटेपणा आहे. तिचा नवरा गेला असेल आणि आपण ओटी भरायची? उद्या ती काय म्हणेल आपल्याला?" आईसाहेब ताट मांडीवर धरून बसल्या होत्या, नारळ गडगडू नये म्हणून त्यावर हात. फोन त्यांनी तीनदा लावला होता, कमांडिंग ऑफिसरच्या बायकोने उचलला नव्हता.

"निरोप येईपर्यंत ती सवाष्ण आहे," त्या म्हणाल्या. "तेवढा वेळ तिचा आहे. तो तिच्याकडून कोणी काढून घ्यायचा नाही, ना टीव्हीने, ना आपल्या घराण्याने. आणि समजा तसंच झालं असेल, तर आपण तिच्याजवळ असू. फेटा पोचवून परत फिरणाऱ्यातले आपण नाही."

थोड्या वेळाने म्हणाल्या, "तुझ्या मनात काय चाललंय ते माझ्याही मनात आहे. गाडी नीट चालव."

माणगावच्या बाजारात नेहमीची गर्दी होती. कलिंगडांचे ढीग, गोव्याकडे जाणारे ट्रक, भाव करणाऱ्या बायका. मला त्या सगळ्यांचा राग आला. महामार्ग सोडून आत वळलो तेव्हा गावाच्या तोंडाशी माणसं घोळक्याने उभी, मोबाइलमध्ये डोकी घातलेली. म्हणजे बातमी आमच्या आधी पोचली होती, अर्धीमुर्धी का होईना. गाडी दिसली तसे मोबाइल खाली झाले. कोण उतरतं हे बघत होते. आधी मी उतरले, मग आईसाहेब, आणि त्यांच्या हातातलं ताट बघून एक बाप्या मोठ्याने म्हणाला, "ओटी हाय रं. ओटी हाय."

जवानाची आई पायरीवर बसली होती. तिने ताट पाहिलं आणि पदराने तोंड पुसलं. "या वैनीसाब. कोन कोन काय काय बोलत व्हतं सकालपासून. मी म्हनलं, वाड्यावरनं कोन आलं न्हाय तवर मी मानायची न्हाय."

आईसाहेबांनी घरातला टीव्ही बंद करायला लावला. दारातल्या बायकांना म्हणाल्या, "फोन बाहेर ठेवून या, मग हळदीकुंकू घ्या." त्या हळू आवाजाला कोणी नाही म्हणालं नाही. सून पाटावर येऊन बसली. वीस-बावीसची असेल. हातात लग्नाचा हिरवा चुडा अजून तसाच, कोपराकडे सरकलेला. आईसाहेब मला म्हणाल्या, "तू भर."

मी ओंजळीत तांदूळ घेतले. पहिली ओंजळ पदरात घातली, दुसरी घातली. देवा, हिचा जिवंत असू दे, असं मनात आलं, आणि त्याच श्वासात, माझा जिवंत असू दे. दोन्ही खरं होतं. एकीसाठी मागणं म्हणजे दुसरीच्या माणसाचं मरण, हे मला त्या पाटासमोर बसून कळत होतं, तरी मागणं थांबत नव्हतं. नारळ ठेवला, खण ठेवला. रिवाजाप्रमाणे तिने ओटीतले चार दाणे परत माझ्या ताटात टाकले आणि माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"धाकल्या वैनी," ती म्हणाली, "सायब बी तितंच हायेत ना?"

"हो."

"मंग तुमची भरली का कोनी?"

मी मान हलवली, नाही म्हणून.

ती उठली. आपली ओटी तशीच पदरात आवळून आत गेली आणि तांदळाचा डबा घेऊन आली. सासू दचकली. "आगं, वाड्यावरच्या वैनी हायेत त्या. त्यांची आपन भरायची न्हाय."

"का न्हाय? त्यांचा मानूस न्हाय व्हय?"

सासूने आईसाहेबांकडे पाहिलं. घराण्याचा तोरा तोवर त्याच चालवत होत्या. स्वतःच्या लढाईत रिकाम्या पदराने त्यांनी तो चालवला होता. त्या खाली बसल्या आणि स्वतःच्या हाताने पाट माझ्यासमोर सरकवला. "बस सूनबाई. भरू दे तिला," म्हणाल्या. आणि मग त्या मुलीला, "माझीही भर पोरी. माझी राहिलीच आहे."

तिने आम्हा दोघींची ओटी भरली. घरच्या भाताचे तांदूळ, जाडे, लालसर. घरात एकच नारळ होता, तो मला दिला, आणि आईसाहेबांना सुपारीवर भागवलं. मी रडले. आईसाहेब रडल्या नाहीत, पण पदर दोन्ही हातांनी घट्ट धरून बसल्या.

चहा झाला, तरी आम्ही उठलो नाही. कोणी उठा म्हणालंही नाही. मग आईसाहेबांचा फोन वाजला. नाव बघून त्यांनी तो कानाला लावला आणि नेहमीचंच विचारलं, "जेवलीस का गं?"

पलीकडून काय आलं ते ऐकू आलं नाही. आईसाहेब म्हणाल्या, "दोघी माझ्यासमोरच बसल्यात." मग फोन माझ्या कानाशी धरला. थकलेला, रडून बसलेला आवाज होता. "दोनों को खाना खिला दीजिए, आंटी. दोनों को."

त्या घरी मी जेवले तसं कुठल्या मेजवानीत जेवले नाही. भात, वालाचं बिरडं आणि सुक्या जवळ्याची चटणी. मुलगी वाढत होती आणि चुडा वाजत होता. आईसाहेबांनी मात्र दोन घास घेऊन हात आवरला. मी खुणेने विचारलं, तर हळूच म्हणाल्या, "फोनवरची ती स्वतः जेवलेली नाही. म्हणजे कोणीतरी गेलाय."

दुसऱ्या दिवशी निरोप आला. गेलेला जवान जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाचा होता, पलटणीत नवीन बदलून आलेला. आम्हाला तो ठाऊकच नव्हता. त्याच्या गावाने आमच्या घराण्याला कधी माणसं दिली नव्हती, म्हणून त्याच्या बायकोच्या दारात आमचं ताट कधी गेलं नव्हतं. ती सकाळ तिने कोणाबरोबर काढली, टीव्ही कोणी बंद केला, केला की नाही, हे मला माहीत नाही. माझा नवरा जिवंत होता. मला आनंद झाला होता, आणि त्या आनंदाची मला लाज वाटत होती.

आता आमची गाडी जिल्ह्यात कुठेही जाते, कोणाच्या पूर्वजाने कोणाला माणसं दिली ते न बघता, आणि निघायच्या आधी पहिली ओटी आमच्या घरी भरली जाते. ती भरायला माणगावहून तीच मुलगी येते. पण हे सगळं पुढचं.

निरोप आला त्या दिवशी आबासाहेब पुन्हा कोट घालून बाहेर आले. पदकं लावली नव्हती. आईसाहेबांनी कमरेची चावी काढून स्वतः त्यांच्या हातात दिली. ते आरशासमोर उभे राहिले, फेट्याचा पहिला पेच घेतला, तो सुटला. पुन्हा घेतला, पुन्हा सुटला. मग आरशातच बघत म्हणाले, "तिथे मी काय बोलू?"

इतक्या वर्षांत त्यांनी हे कोणाला विचारलेलं मी ऐकलं नव्हतं.

"तुम्ही काही बोलू नका," आईसाहेब म्हणाल्या. "ती बोलेल ते ऐका. आणि आपल्या घरातून आधी कोणी आलं नाही, याची तिच्याकडे माफी मागा."

आबासाहेबांनी मान खाली केली, आणि फेटा आईसाहेबांनी बांधला.